रूझवेल्ट यांची राखीव जंगले आणि त्यांत न मोजलेली माणसे

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या दारातला, एके काळचे अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा अश्वारूढ पुतळा जानेवारी २०२२ मध्ये तिथून हलवण्यात आला. घोड्यावर अध्यक्ष आणि घोड्याच्या दोन्ही अंगांना पायी चालणारे एक मूलनिवासी व एक आफ्रिकी पुरुष, अशी १९४० सालची ती रचना होती. ती हलवावी ही विनंती खुद्द म्युझियमनेच केली होती. पुतळा गेला, वाद मात्र राहिला, आणि तो ज्या पद्धतीने घातला जातो त्या पद्धतीने काहीच हाती लागत नाही. एक बाजू म्हणते की जवळपास २३ कोटी एकर जमीन, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तिप्पट भूभाग, ज्याने संरक्षणाखाली आणला त्याचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे उद्गार आज उकरून काढणे हा कृतघ्नपणा आहे. दुसरी बाजू म्हणते की जन्मभर शिकार करणाऱ्या, साम्राज्यविस्ताराची भाषा बोलणाऱ्या आणि मूलनिवाशांना तुच्छ लेखणाऱ्या माणसाच्या निसर्गप्रेमाची मातब्बरी ती काय? दोघांनाही एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे: हा माणूस थोर होता की नव्हता? जंगलाच्या, पाण्याच्या आणि त्यावर जगणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न अगदीच दुय्यम आहे.

माझे म्हणणे असे आहे की रूझवेल्ट यांनी वाचवलेली जमीन आणि त्यांच्या कारकिर्दीत मूलनिवाशांवर झालेला अन्याय यांची एकमेकांतून वजाबाकी करता येत नाही, कारण दोन्हींचे मूळ एकाच धोरणात आहे. देशाची जमीन देशाच्या जनतेची आहे आणि सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व त्यांनी प्रशासनात उतरवले. पण त्या जनतेत त्याच डोंगरदऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे त्यांनी मोजली नाहीत. तरीही मी त्या तत्त्वाच्या बाजूने उभा आहे. ती जमीन सार्वजनिक राहिली म्हणूनच, उशिरा का होईना, ती चूक काही ठिकाणी दुरुस्त होऊ शकली. खासगी मालकीत गेलेल्या जमिनीबाबत तेवढीही शक्यता उरली नाही.

सप्टेंबर १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर वयाच्या ४२व्या वर्षी रूझवेल्ट अध्यक्ष झाले तेव्हा अमेरिकन सरकारचा जमिनीशी असलेला मुख्य संबंध ती वाटून टाकण्याचा होता. रेल्वे कंपन्यांना, लाकूड कंपन्यांना, खाणवाल्यांना आणि वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांना जमीन देत राहणे हेच धोरण होते, आणि या वाटपात लबाडी इतकी मुरली होती की १९०५ मध्ये ऑरेगनचे विद्यमान सिनेटर जॉन मिचेल जमीन घोटाळ्याच्या खटल्यात दोषी ठरले. कोट्यवधींनी असलेले गवे १८८० चे दशक संपता संपता हजाराच्या आसपास उरले होते. पश्चिमेकडची ही उधळपट्टी रूझवेल्ट यांनी स्वतः पाहिली होती. १८८४ मध्ये एकाच दिवशी आई आणि पत्नी यांचा मृत्यू झाल्यावर ते डाकोटातल्या आपल्या कुरणांवर जाऊन राहिले, आणि १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यानंतर, आधीच अति चराईने उघड्या पडलेल्या त्या प्रदेशात गुरांचे कळपच्या कळप मेलेले त्यांनी पाहिले. त्यांच्या पुढच्या धोरणात भावुकतेपेक्षा हिशेब जास्त दिसतो, त्याचे एक कारण या अनुभवात असावे.

त्यांच्या पद्धतीचा सर्वात लहान नमुना सर्वात बोलका आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत इंडियन रिव्हर या खाजणात पेलिकन आयलंड नावाचे काही एकरांचे बेट आहे. बायकांच्या टोप्यांवर खोवायच्या पिसांसाठी तेव्हा फ्लोरिडातल्या वसाहतींमधले पक्षी घरट्यांवरच मारले जात. १४ मार्च १९०३ रोजी रूझवेल्ट यांनी एका आदेशाने हे बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले. असे करायला कायद्याची काही आडकाठी आहे का, असे त्यांनी विचारले आणि नाही हे उत्तर मिळताच घोषणा केली, असे सांगितले जाते. संसदेने या कामासाठी पैसे मंजूरच केलेले नव्हते. त्यामुळे पॉल क्रोगेल या पहिल्या रखवालदाराचा महिना एक डॉलरचा पगार पक्षिमित्रांच्या संघटनेने दिला, आणि तो स्वतःच्या होडीतून बेटाभोवती पहारा देत राहिला. हे काम किती जोखमीचे होते हे १९०५ मध्ये दिसले. फ्लोरिडाच्याच दक्षिण टोकाला गाय ब्रॅडली हा रखवालदार पिसांसाठी शिकार करणाऱ्यांना अडवायला गेला आणि गोळी लागून मेला. आदेश, शिक्का, पगार आणि पहारा या चार गोष्टी एकत्र आल्याशिवाय संरक्षण होत नाही, हे रूझवेल्ट यांना त्यांच्या काळातल्या बहुतेक निसर्गप्रेमींपेक्षा अधिक नीट कळले होते. कारकिर्दीच्या अखेरीस असे ५१ पक्षी-आश्रय, १५० राष्ट्रीय वने, १८ राष्ट्रीय स्मारके (म्हणजे अध्यक्षांच्या घोषणेने राखलेल्या जागा) आणि ५ राष्ट्रीय उद्याने त्यांच्या खात्यावर जमा होती.

पहिला आक्षेप शिकारीचा. तो भावनेला भिडतो, पण युक्तिवाद म्हणून सर्वात कच्चा आहे. १९०९-१० च्या आफ्रिका मोहिमेत रूझवेल्ट आणि त्यांचा मुलगा कर्मिट यांनी मिळून पाचशेवर मोठे प्राणी मारले. स्मिथसोनियन या संग्रहालयासाठी नमुने जमवण्याचे निमित्त असले तरी ही संख्या आज वाचताना अस्वस्थ करते आणि तिचे समर्थन करण्याची मला गरज वाटत नाही. पण बंदीचा हंगाम, परवाना आणि बाजारात मांस-पिसे विकण्यावर बंधन, हे सगळे नियम अमेरिकेत मुख्यतः शिकाऱ्यांनीच मागून घेतले. रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचाच क्लब होता, आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या चोरट्या शिकारीला शिक्षा देणारा १८९४ चा कायदा व्हावा म्हणून त्याच मंडळींनी जोर लावला. शिकारीचा छंद आणि प्राणी टिकवण्याची इच्छा एकाच माणसात असू शकतात. आक्षेपाचा खरा रोख दुसरीकडे वळायला हवा होता: हौसेने शिकार करणाऱ्याला हंगामाचे बंधन ही शिस्त वाटते, पण पोटासाठी शिकार करणाऱ्याला तेच बंधन गुन्हेगार ठरवते. हा फरक रूझवेल्ट यांच्या वर्गाला दिसला नाही.

दुसरा आक्षेप लोकशाहीचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा लागतो. १९०७ च्या फेब्रुवारीत ऑरेगनचे सिनेटर चार्ल्स फुल्टन यांनी कृषी खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला एक दुरुस्ती जोडली: वायव्येकडच्या सहा राज्यांत यापुढे संसदेच्या मंजुरीशिवाय नवे राखीव वन करता येणार नाही. विधेयक फेटाळले तर संपूर्ण खात्याचा खर्च अडकला असता, म्हणून त्यावर सही करणे भाग होते. सहीची मुदत संपण्याआधी वनखात्याचे प्रमुख गिफर्ड पिन्शो यांच्या माणसांनी रात्रंदिवस बसून नकाशे आणि मसुदे तयार केले, व्हाइट हाउसमध्ये जमिनीवर नकाशे पसरून अध्यक्षांनी ते पाहिले, आणि जवळपास १ कोटी ६० लाख एकरांची वने जाहीर करून मगच त्यांनी त्या विधेयकावर सही केली. संसदेची इच्छा स्पष्ट झालेली असताना तिला असा बगल देणारा अध्यक्ष आज आपल्याला आवडेल का? आपल्या पसंतीच्या कामासाठी असा अधिकार मान्य केला, तर नावडत्या कामासाठी तो नाकारायचा कशाच्या आधारावर?

या आक्षेपाला माझे उत्तर अर्धेच आहे. वने राखून ठेवण्याचा अधिकार संसदेनेच १८९१ च्या कायद्याने अध्यक्षांना दिला होता आणि रूझवेल्ट यांनी तो संपण्याआधी वापरला; घोषणा रद्द करायची असती तर संसद ती दुसऱ्या दिवशी करू शकली असती, तिने ती केली नाही. शिवाय ज्या सिनेटच्या नावाने लोकशाहीची तक्रार होत होती तिचे सदस्य तेव्हा लोक निवडत नव्हते; राज्यांची विधिमंडळे त्यांना पाठवत, आणि त्या विधिमंडळांवर लाकूड व रेल्वे कंपन्यांचा किती पगडा होता हे मिचेल यांच्या खटल्याच्या काळात जगजाहीर होते. उरलेला अर्धा आक्षेप मात्र मला मान्य आहे. सहीने झालेले सहीने मोडता येते. रूझवेल्ट यांनी पद सोडण्याच्या दोन दिवस आधी जाहीर केलेले माउंट ऑलिंपस स्मारक पुढे अध्यक्ष झालेल्या विल्सन यांनी १९१५ मध्ये निम्म्यावर आणले. त्यामुळे ‘पर्यावरणाला रूझवेल्टसारखा खमक्या नेता हवा’ हे अधूनमधून ऐकू येणारे वाक्य मला धोक्याचे वाटते. त्यांची जी कामे टिकली ती त्यांच्या धडाडीमुळे जाहीर झाली, पण टिकली ती १ फेब्रुवारी १९०५ च्या कायद्याने कृषी खात्याकडे आलेल्या, प्रशिक्षित वनाधिकाऱ्यांच्या हाती दिलेल्या वनसेवेमुळे आणि न्यायालयांमुळे.

आता तिसरा आक्षेप, जो मला सर्वात सबळ वाटतो. न्यू मेक्सिकोत ताओस पुएब्लो या प्राचीन वस्तीच्या वरच्या डोंगरात ब्लू लेक नावाचे तळे आहे. ताओसच्या लोकांचे ते सर्वात पवित्र स्थान आहे; दर ऑगस्टमध्ये ते तिथे यात्रेला जातात. १९०६ मध्ये रूझवेल्ट यांच्या घोषणेने तळ्यासह तो सगळा पाणलोट राखीव वनात गेला. त्यानंतर वनखात्याने तिथे पायवाटा काढल्या, तळ्यात ट्राउट मासे सोडले, पर्यटकांना तळ ठोकू दिला, आणि ज्यांचे ते देवस्थान त्यांना तिथे जायला परवान्याची भाषा ऐकावी लागली. इथे कोणी लाकूडचोर नव्हता, पिसांचा व्यापारी नव्हता. ते पाणी शतकानुशतके स्वच्छ राखणाऱ्यांच्याच हातून ते ‘संरक्षणासाठी’ काढून घेतले गेले.

मोंटानातल्या फ्लॅटहेड राखीव प्रदेशाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. गवे संपत आले होते त्या १८७० च्या दशकात तिथल्या जमातींच्या माणसांनी मोजकी वासरे डोंगर ओलांडून आणली आणि वाढवली. पुढे मिशेल पाब्लो यांच्याकडे त्यांचा सातशेच्या आसपासचा कळप झाला. १९०४ मध्ये रूझवेल्ट यांच्या सहीने कायदा झाला की जमातीची सामायिक जमीन तुकडे करून व्यक्तींना वाटायची आणि उरलेली गोऱ्या वसाहतकऱ्यांसाठी खुली करायची. सामायिक कुरणच जाणार म्हटल्यावर कळप ठेवायचा कुठे? पाब्लोंनी तो अमेरिकन सरकारला देऊ केला, संसदेने पैसे दिले नाहीत, आणि १९०७ पासून ते गवे कॅनडात गेले. दुसऱ्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्याच फ्लॅटहेड प्रदेशातून साडेअठरा हजारांवर एकर कापून घेऊन गव्यांसाठी राष्ट्रीय अभयारण्य काढण्यात आले, आणि त्यात सोडायला जे गवे विकत आणले ते पाब्लोंच्याच कळपाच्या वंशातले होते. लोकांचा कळप मोडून, लोकांची जमीन घेऊन, त्याच कळपाची पिल्ले तिथे सोडणे हे धोरण ज्यांनी आखले त्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही, कारण डिसेंबर १९०१ च्या आपल्या पहिल्या वार्षिक संदेशातच रूझवेल्ट यांनी सामायिक जमीन वाटून टाकणाऱ्या १८८७ च्या कायद्याला जमातींचा पिंड भरडून काढणारे जबरदस्त यंत्र म्हटले होते, आणि ते स्तुतीने म्हटले होते.

यावर ‘ते त्यांच्या काळाचे अपत्य होते’ असे उत्तर मिळते. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचे एक कारण आपल्या मातीत आहे. पिन्शो वनशास्त्र शिकायला १८८९ मध्ये युरोपात गेले तेव्हा त्यांना ज्यांनी मार्ग दाखवला ते जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक. सरकारने जंगल राखून ठेवायचे, प्रशिक्षित अधिकाऱ्यांनी तोडीचे नियोजन करायचे, ही घडी ब्रह्मदेश आणि हिंदुस्थानात आधी बसली आणि पिन्शोंनी तिच्याकडे डोळसपणे पाहिले होते. गावांच्या हक्कांबाबत ब्रँडिस स्वतः तुलनेने उदार होते. १८७८ चा हिंदुस्थानी वनकायदा झाला तो मात्र कठोर. आणि त्याचे परिणाम काय झाले हे १८८३ मध्येच जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहून ठेवले: जंगलखात्याने डोंगर, दऱ्याखोरी, पडीक जमिनी आणि गायरानेसुद्धा आत घेतली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना जागा उरू दिली नाही. म्हणजे रूझवेल्ट अध्यक्ष होण्याच्या अठरा वर्षे आधी, त्याच पद्धतीच्या उगमस्थानी, तिच्यातला अन्याय अगदी नेमक्या शब्दांत मांडला गेला होता. ताओसच्या लोकांनीही तक्रार सुरुवातीपासूनच केली होती. काळाला ही गोष्ट ठाऊक होती. ज्यांच्या हाती सही होती त्यांनी ती ऐकली नाही, इतकेच.

इतके मान्य केल्यावर सार्वजनिक जमिनीचे समर्थन कशाच्या बळावर करायचे? या प्रश्नाचे उत्तर ग्रँड कॅनियनमध्ये सापडते. जानेवारी १९०८ मध्ये रूझवेल्ट यांनी आठ लाखांवर एकरांचे राष्ट्रीय स्मारक जाहीर केले त्या वेळी राल्फ कॅमरन नावाच्या गृहस्थाने दरीच्या काठावर आणि ब्राइट एंजल या उतरत्या वाटेवर खाणीचे दावे ठोकून ठेवले होते. खनिज नावालाच होते. धंदा होता तो वाटसरूंकडून डॉलरभर टोल घेण्याचा. एवढे मोठे स्मारक जाहीर करण्याचा अध्यक्षांना अधिकारच नाही, असा मुद्दा त्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला आणि १९२० मध्ये तो हरला. याच दरीत हवासुपाई जमातीला १८८२ मध्ये ५१८ एकरांत कोंडण्यात आले होते. त्यांची पठारावरची कुरणे आणि शिकारीची राने उद्यानात आणि राष्ट्रीय वनात गेली होती. १९७५ मध्ये संसदेने त्यांतली सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन हवासुपाईंना परत दिली. कॅमरन जिंकला असता आणि ती वाट धरून पुढचे दावेदार आले असते, तर १९७५ मध्ये परत द्यायला काय शिल्लक राहिले असते? हॉटेलांचे आणि प्लॉटांचे सातबारे रद्द करण्याचे धाडस कोणत्या संसदेने केले असते?

ताओसच्या लोकांना १९६५ मध्ये मूलनिवाशांच्या दाव्यांसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाने जमीन अन्यायाने घेतल्याचा निर्वाळा दिला. त्यांनी पैसे नाकारले, जमीनच मागितली, आणि १५ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांच्या सहीने ४८ हजार एकरांसह ब्लू लेक त्यांच्याकडे परत आले. फ्लॅटहेडचे गव्यांचे अभयारण्य डिसेंबर २०२० च्या कायद्याने तिथल्या जमातींकडे परत गेले. याउलट १८८७ च्या कायद्याखाली तुकडे होऊन विकली गेलेली जमीन पाहा: १९३४ पर्यंत मूलनिवाशांच्या हातची १३ कोटी ८० लाख एकर जमीन ४ कोटी ८० लाखांवर आली, आणि त्या ९ कोटी एकरांपैकी जे खासगी खरेदीखतांत गेले ते परत मिळवायचे तर जमातींना बाजारभावाने विकत घ्यावे लागते. रूझवेल्ट यांच्याच राजवटीत दोन्ही यंत्रे चालू होती, राखण्याचेही आणि भरडण्याचेही. पहिल्याने केलेली इजा निदान उलटवता येण्याजोगी होती.

या युक्तिवादाची मर्यादा मला दिसते. २३ कोटी एकरांच्या तुलनेत परत मिळालेली जमीन नगण्य आहे, आणि चौसष्ट वर्षे आपल्याच देवस्थानाला परवाना मागणाऱ्यांना ‘निदान ते कोणी विकत तरी घेतले नाही’ हे सांत्वन पुरणार नाही. साउथ डाकोटातल्या ब्लॅक हिल्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सू लोकांच्या बाजूने भरपाईचा निकाल दिला, सू लोकांनी ते पैसे आजवर घेतलेले नाहीत, आणि त्या डोंगरांचा मोठा भाग राष्ट्रीय वन असूनही सरकारने तो परत केलेला नाही. तेव्हा जमीन सरकारकडे असली की न्याय आपोआप होतो असे मी म्हणत नाही. न्याय करायचा ठरलाच तर तो करण्याजोगी वस्तू सार्वजनिक मालकीत शिल्लक राहते, एवढाच माझा दावा आहे. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाला सामूहिक हक्क देता आला, तोही ते जंगल कोणा कंपनीच्या नावावर चढलेले नव्हते म्हणूनच.

रूझवेल्ट यांनी सही केलेला ८ जून १९०६ चा प्राचीन वस्तू कायदा या वादात आज सर्वात जिवंत आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये डेव्हिल्स टॉवर हे त्याखालचे पहिले स्मारक झाले. एकशे दहा वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, होपी, नवाहो, झुनी आणि यूटांच्या दोन जमाती अशा पाच जमातींनी मिळून केलेल्या मागणीवरून ओबामा यांनी युटामधले बेअर्स इअर्स हे स्मारक त्याच कायद्याने जाहीर केले आणि व्यवस्थापनात जमातींना स्थान दिले. ज्यांना तो कायदा करताना कोणी विचारले नव्हते, त्यांनीच तो आपल्या पूर्वजांच्या जागा राखण्यासाठी उचलला. पुढच्याच वर्षी ट्रम्प यांनी ते स्मारक सुमारे ८५ टक्क्यांनी कमी केले आणि २०२१ मध्ये बायडन यांनी ते पूर्ववत केले. पुतळ्यावर जितकी शाई खर्च झाली त्याच्या दशांशानेही या प्रश्नावर झालेली नाही: १९०६ च्या कायद्यात स्मारक जाहीर करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे, ते आक्रसण्याचा अधिकार कुठेच लिहिलेला नाही. राखलेली जमीन कमी करायची तर संसदेनेच करावी, आणि त्या जमिनीशी नाते असलेल्या जमातींच्या संमतीवाचून ती राखूही नये आणि सोडूही नये, अशी दुहेरी दुरुस्ती त्या कायद्यात करून घेण्यासाठी रूझवेल्ट यांच्या समर्थकांनी आणि टीकाकारांनी एकत्र उभे राहायला काय हरकत आहे?